स्वतःचं नेटवर्क उभारायचं, की व्हॅटसिम-आयव्हीएओवर उडायचं?

संगणकावरच्या विमानाच्या सिम्युलेटरवर उडणारे सात-आठ जण एकत्र आले की थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "आपलंच एक नेटवर्क काढू या ना. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा, सगळीकडे आपलेच कंट्रोलर!" नेटवर्क म्हणजे इंटरनेटवरचं सामायिक आकाश : कुणी घरबसल्या विमान उडवतो, कुणी कंट्रोलर होऊन त्याला रेडिओवर परवानग्या देतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही पुण्यातल्या आठ जणांनी हे करून पाहिलं. पाच महिने चालवलं आणि मग थांबवलं. अलीकडे दोन-तीन कॉलेजांतल्या मुलांनी मला याबद्दल विचारलं, म्हणून हा सगळा हिशेब एका जागी मांडतोय. सर्व्हर कुठला, सॉफ्टवेअर कुठलं हे प्रश्न नंतरचे. तुम्ही ज्या वेळी उडता त्या वेळी फ्रिक्वेन्सीवर पलीकडे कोण बसलेलं असेल, हे आधी बघायला हवं.

मोठी नेटवर्क दोन, व्हॅटसिम आणि आयव्हीएओ. मूळ एकच. १९९७ मध्ये सॅटको नावाची संघटना सुरू झाली. १९९८ च्या डिसेंबरात तिच्यातून काही मंडळी बाहेर पडली आणि आयव्हीएओ उभं राहिलं. २००१ मध्ये सॅटकोच्या जागी व्हॅटसिम आलं. दोन्ही ना-नफा संस्था आहेत. आयव्हीएओची नोंदणी बेल्जियममध्ये, व्हॅटसिमची अमेरिकेत. दोन्हीकडे उडायला एक पैसा लागत नाही आणि कंट्रोलर सगळे हौसेने बसलेले असतात. यात एक गोष्ट मनात पक्की धरा : एवढी जुनी, एवढी माणसं असलेली नेटवर्कसुद्धा कंट्रोलर कधी बसेल याची हमी देत नाहीत.

घड्याळ आपल्या बाजूने नाही

युरोपातली गर्दीची वेळ म्हणजे साधारण १८ ते २२ झुलू (झुलू म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ). आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा ते पहाटेचे साडेतीन. लंडन, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅमला डिलिव्हरीपासून (मार्गाची परवानगी देणारा) सेंटरपर्यंत (मोठ्या हद्दीतलं आकाश सांभाळणारा) कंट्रोलरच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, आणि आपण सकाळच्या लेक्चरचा किंवा ऑफिसचा विचार करत झोपायला निघालेलो असतो. आपल्या रात्री आठ-नऊला मुंबईवर कुणी असेल की नाही, हे त्या दिवसावर अवलंबून. कार्यक्रम जाहीर झालेला असेल तर मात्र मुंबई, दिल्ली, बेंगळुरू भरून वाहतात.

पण मुंबई टॉवर (धावपट्टी सांभाळणारा) रिकामा दिसला म्हणून लगेच हिरमुसू नका. मुंबई सेंटर चालू असेल तर तोच कंट्रोलर खालच्या विमानतळांचंही काम बघतो. तुम्हाला पुशबॅक (पार्किंगमधून विमान मागे ढकलायची परवानगी) तोच देणार, टेकऑफची परवानगीही तोच. मुंबईच्या एफआयआरमध्ये, म्हणजे त्या सेंटरच्या हवाई हद्दीत, अहमदाबादपासून नागपूरपर्यंतचा पट्टा येतो, त्यामुळे एक माणूस बसला की केवढा तरी मुलूख जिवंत होतो. नवीन मुलं विमानतळाच्या नावाने शोधतात, काही सापडत नाही आणि 'कुणीच नाही' म्हणून निघून जातात. नकाशावर सेंटरची हद्द बघायची सवय लावा.

आणि खरंच कुणी नसेल, तर व्हॅटसिमवर १२२.८०० या युनिकॉमवर (कंट्रोलर नसताना सगळ्यांनी वापरायच्या फ्रिक्वेन्सीवर) आपण काय करतोय ते सांगत उडायचं. हेही शिकण्यासारखंच आहे, पण त्यासाठी कुणी नेटवर्कवर येत नाही.

व्हॅटसिम की आयव्हीएओ?

मला विचाराल तर पहिलं पाऊल व्हॅटसिमवर टाका. कारण साधं आहे : तिथे विमानं जास्त, कंट्रोलर जास्त. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इथे तर कायम राबता. वर्षातून दोनदा अटलांटिक ओलांडायचा 'क्रॉस द पाँड' होतो. त्यात भाग घ्यायचा असेल तर आधी स्लॉट मिळवावा लागतो, आणि त्या रात्री महासागरावरची गर्दी बघण्यासारखी असते.

दुसरं कारण आवाज. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हॅटसिमने आवाजाची पूर्ण नवी यंत्रणा आणली. त्यात रेडिओची पोच खऱ्या अंतरावर ठरते. ३५,००० फुटांवर असाल तर सुमारे २३० नॉटिकल मैलांपर्यंतचं ऐकू येतं, पार्किंगमध्ये उभे असाल तर जवळचंच. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं कापलं जातं, अगदी खऱ्या रेडिओसारखं. आधी ऐकायचं, मग बोलायचं ही शिस्त त्यामुळे अंगात मुरते. आयव्हीएओवर पूर्वी आवाजासाठी टीमस्पीक वेगळं चालवावं लागे. आता पायलटसाठी अल्टिट्यूड आणि कंट्रोलरसाठी अरोरा या त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच आवाजाची सोय आहे.

आयव्हीएओची खरी ताकद त्याच्या टूरमध्ये आहे. ठरवून दिलेले टप्पे क्रमाने उडायचे, प्रत्येक टप्प्याची नोंद पाठवायची, त्यांचा माणूस ती तपासून मान्य करतो. ज्याला 'आज कुठून कुठे उडू?' हा प्रश्न रोज छळतो त्याच्यासाठी हे फार चांगलं आहे. ब्राझील, इटली, स्पेन इकडे आयव्हीएओचं वजन मोठं आहे. परीक्षांची उतरंडही रीतसर : आधी लेखी, पुढच्या पायऱ्यांना प्रत्यक्ष उड्डाण किंवा प्रत्यक्ष कंट्रोलिंग.

व्हॅटसिमवर नव्या सदस्याला सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा द्यावी लागते. तिचा बाऊ करू नका. वाचून बसलात तर एका संध्याकाळचं काम. कंट्रोलर व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. दोन्हीकडे पायरी-पायरीने चढावं लागतं, शिकवणाराही हौसेनेच शिकवत असतो, आणि युरोपात काही ठिकाणी तर प्रशिक्षणासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. ज्याला रडारच्या मागेच बसायचंय त्याने दोन्हीकडच्या भारतीय गटांशी बोलावं आणि आपल्या रिकाम्या वेळेत शिकवणारा जिथे मिळेल तिथे जावं. इथे नेटवर्कपेक्षा शिक्षक महत्त्वाचा.

विमानाच्या बाजूने सॉफ्टवेअरची अडचण फारशी उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी व्हॅटसिमचं व्हीपायलट, एक्स-प्लेनसाठी एक्सपायलट. मॅक किंवा लिनक्सवर एक्स-प्लेन असेल तरी एक्सपायलट चालतं.

आता आपल्या स्वतःच्या नेटवर्कचं

सर्व्हर लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. एफएसडी नावाची जुनी पद्धत आहे. कोण कुठे आहे, किती उंचीवर, कुठला स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड), हे सगळं साध्या मजकुराच्या ओळींतून इकडून तिकडे जातं. तिचे मोफत सर्व्हर मिळतात, स्विफ्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर त्यांना जोडता येतं. आमचा सर्व्हर एका शनिवारी दुपारी सुरू झाला आणि चहा व्हायच्या आत दोन विमानं एकमेकांना दिसली. त्या आनंदात आम्हाला वाटलं, झालं की नेटवर्क!

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. जुन्या एफएसडीत विमानाची जागा साधारण दर पाच सेकंदांनी कळवली जाते. उतरताना १४० नॉटने येणारं विमान तेवढ्या वेळात साडेतीनशे मीटर पुढे सरकतं. मधलं सगळं तुमचा संगणक अंदाजाने दाखवतो, म्हणून टॅक्सीवेवर (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर) वळणारा मित्र गवतातून जाताना दिसतो. व्हॅटसिमने २०२२ मध्ये हे बदललं. जवळची विमानं आता सेकंदाला पाच वेळा जागा कळवतात. आपल्याला हे स्वतः करायचं तर तो एक प्रकल्पच आहे.

दुसरं, मॉडेल. समोरचा एअरबस उडवतोय, तुमच्याकडे ते मॉडेल नाही, तर तुम्हाला त्याच्या जागी भलतंच विमान दिसणार. आठ संगणकांवर आठ तऱ्हा.

तिसरं, आणि आमचा दम काढणारं, म्हणजे सेक्टर फाइल. कंट्रोलरच्या पडद्यावर मुंबई दिसायची तर ती कुणीतरी आखावी लागते. ०९/२७ आणि १४/३२ या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या, त्यांना येऊन मिळणारा प्रत्येक टॅक्सीवे, प्रत्येक पार्किंग, जाण्या-येण्याचे ठरलेले मार्ग, हद्दी. आमच्यातला एक जण दोन आठवडे रोज रात्री चार्ट समोर ठेवून ठिपके जोडत बसायचा. त्याचं काम इतकं देखणं झालं होतं की आजही मला ती फाइल उघडून बघावीशी वाटते. पण विमानचालनाची माहिती दर २८ दिवसांनी, वर्षात १३ वेळा, नवी होते. मार्ग बदलतात, पॉइंटांची नावं बदलतात. पायलटच्या विमानात नवी माहिती आणि कंट्रोलरच्या पडद्यावर जुनी, असं झालं की दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी एकमेकांना कळत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत गोव्यात मोपा सुरू झालं, २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबई. दाबोळी आणि सांताक्रूझ जिथल्या तिथे, शेजारी नवा विमानतळ; सगळं आकाश नव्याने वाटलं जातं. मोठ्या नेटवर्कवर हे काम करणारी फळी असते. आपल्याकडे तो एकच मित्र असतो, आणि त्याची परीक्षा जवळ आलेली असते.

चौथं, साधं गणित. मुंबईला डिलिव्हरी, ग्राउंड (जमिनीवरची ये-जा), टॉवर, अप्रोच (विमानतळाजवळचं आकाश) म्हणजे चार माणसं. आठांतून चार गेली, उरली चार विमानं. अप्रोचवाल्यासमोर पूर्ण संध्याकाळ दोनच ठिपके.

या सगळ्याहून मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मित्र एकमेकांना चुका माफ करतात. क्यूएनएच (उंचीमापक जुळवायचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) १००९ दिला, तर समोरचा "वन झीरो झीरो सिक्स" म्हणाला आणि ग्राउंडवर बसलेला आमचा दोस्त "ठीक आहे, चल" म्हणून मोकळा झाला. तीन हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत ऐंशी-नव्वद फूट. नेमकी हीच चूक पुढे मी व्हॅटसिमवर केली. पलीकडून शांत आवाज आला : "निगेटिव्ह, क्यूएनएच वन झीरो झीरो नाइन." रागाचा सूर नव्हता, पण मी ते आकडे पुन्हा म्हणेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. माझे तळहात घामेजले होते. त्या दिवसापासून मी क्यूएनएच आधी कागदावर लिहितो, मग बोलतो.

तर मग स्वतःचा सर्व्हर कुणासाठी? शिकवण्यासाठी. एखाद्या मुलाला पहिल्यांदा क्लिअरन्स (कंट्रोलरने दिलेली परवानगी) परत म्हणून दाखवायला शिकवताना मध्येच थांबून, मराठीत समजावून, तेच पाच वेळा करून घ्यायचं असेल, तर बंद दाराआडची जागा हवीच. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर ते करणं इतरांवर अन्याय आहे. त्यासाठी पूर्ण एफएसडीचीही गरज नसते. जॉइनएफएससारखं मोफत साधन आणि बोलायला डिस्कॉर्ड एवढ्यावर भागतं. आठवड्यातून एक वार, एक तास, एक विमानतळ. याच्या पलीकडे 'आपलं भारतीय नेटवर्क' म्हणून जाहिरात करायची असेल, तर सदस्यांच्या नोंदी, दंगा करणाऱ्यांना आवरणारे, आवाजाची यंत्रणा, सेक्टर फाइल सांभाळणारे किमान दोन, आणि ठरलेल्या वेळी हटकून बसणारे कंट्रोलर एवढं आधी जमवा.

पैसे मोजून हमी

खरा पायलट व्हायला निघालेल्यांसाठी तिसरा पर्यायही आहे : पायलटएज. २०११ पासून चालू, महिन्याची वर्गणी, कंट्रोलर पगारी. दक्षिण कॅलिफोर्नियात सकाळी आठ ते रात्री अकरा तिथे कंट्रोलर बसलेला असतोच. आपल्याकडे उन्हाळ्यात हे रात्री साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा असं पडतं, हिवाळ्यात एक तास पुढे. म्हणजे आपल्या रात्रीच्या वेळेत हमखास कंट्रोलर. व्हीएफआरच्या (नजरेने बघत उडण्याच्या) अकरा आणि आयएफआरच्या (उपकरणांवर उडण्याच्या) अकरा चाचण्या क्रमाने देता येतात. तिथे टाइप करून चालत नाही, बोलावंच लागतं, आणि भित्र्या माणसाला तेच औषध आहे.

मात्र बारामती, गोंदिया, शिरपूरला सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करणाऱ्या किंवा आरटीआरच्या (रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या) परीक्षेला बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथली भाषा अमेरिकी. हेक्टोपास्कलऐवजी पाऱ्याचे इंच, 'डेसिमल'ऐवजी 'पॉइंट', ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्या वर सगळे एकाच प्रमाण दाबावर उडतात ती उंची) १८,००० फूट. भीड चेपायला पायलटएज उत्तम. पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने भारतीय किंवा युरोपीय आकाशात काढा, नाहीतर तोंडात चुकीचे शब्द बसतील.

बियाँडएटीसी, सेइंटेन्शन्स असे संगणकीय कंट्रोलरही आता चांगले बोलतात. पहाटे पाचला एकट्याने उडायचं असेल तर जरूर वापरा.

मी काय करायला सांगेन

शाळा-कॉलेजातला नवा पायलट असेल तर व्हॅटसिम, आणि पहिले चार-पाच दिवस फक्त ऐकणं. टूरची आवड असेल तर आयव्हीएओ. दोन्हीकडे खातं असायला कुणाची हरकत नाही, एका वेळी एकीकडे उडलात की झालं. वर्गणी परवडत असेल आणि खऱ्या परवान्याचा विचार असेल तर दोन-तीन महिने पायलटएज. आठ-दहा जणांचा गट असेल तर नेटवर्क काढण्याऐवजी एकाच संध्याकाळी एकाच मार्गावर सगळे व्हॅटसिमवर या, मुंबई ते गोवा, आणि भारतीय गटाला आठवडाभर आधी कळवा. दहा विमानं येणार म्हटल्यावर कंट्रोलर बसायची शक्यता कितीतरी वाढते, आणि त्यालाही कुणीतरी आल्याचा आनंद असतो.

इंग्रजी बोलायची धास्ती हे न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय, म्हणून तेवढं सांगतो. व्हॅटसिमवर फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात 'फक्त ऐकू शकतो' किंवा 'फक्त मजकूर' असं लिहायची सोय आहे. कंट्रोलर तोंडाने सांगतो, तुम्ही टाइप करून रीडबॅक द्यायचा, म्हणजे ऐकलेलं परत सांगायचं. माझ्या मावसभावाने सांगलीहून असे दोन महिने काढले. मग एका रविवारी मुंबई अप्रोचने त्याला उंची दिली, आणि टाइप करण्याऐवजी त्याने बटण दाबलं.