पांढरे स्नीकर्स, बडोद्याचे उंबरे आणि दबलेल्या टाचा

संक्रांतीच्या सुमारास घेतलेले पांढरे स्नीकर्स गणपती जाऊन गरब्याचे पास शोधायची वेळ आली तरी पायात आहेत. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. किंमत तीन हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण या घाटाचे बूट बडोद्यात मंगळ बाजारापासून अलकापुरीच्या शोरूमपर्यंत निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांतल्या कुठल्याही जोडाला लागू पडेल. घाट तुमच्या ओळखीचा आहे: सगळा पांढरा बूट, बाजूला बारीक भोकांच्या ओळी, टाचेला हिरवी पट्टी. मूळ आदिदासचा टेनिसचा बूट, ज्याला 1970च्या दशकात स्टॅन स्मिथ या अमेरिकी टेनिसपटूचं नाव मिळालं. तेव्हापासून जो तो तिथूनच उचलतो. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. फर्स्ट कॉपीवर खोटा लोगो मिरवण्यापेक्षा बिनलोगोचा साधा बूट केव्हाही बरा दिसतो.

निकाल आधीच सांगतो. दिसायला दहापैकी आठ, चालायला सात, टाचेला चार. आणि आपल्याकडे खरे मार्क टाचेचेच.

हे बूट करणाऱ्यांनी असं धरलेलं असतं की माणूस सकाळी एकदा घालेल आणि रात्री एकदा काढेल. दांडिया बाजारातल्या मराठी माणसाचा दिवस तसा जात नाही. विठ्ठलमंदिरात काढा, काकूंकडे डबा द्यायला गेलात तर उंबऱ्याबाहेर काढा, दातांच्या दवाखान्यात काढा, ‘दोनच मिनिटं’ म्हणून ज्याच्याकडे गेलात त्याच्या घरी तर काढाच. दर वेळी खाली बसून लेस कोण सोडणार? मग एका पायाच्या चवड्याने दुसऱ्या बुटाची टाच दाबायची आणि पाय ओढून काढायचा. घालताना त्याहून वाईट: अर्धा पाय आत सरकवायचा, टाच चेंगरायची आणि फाटकापर्यंत बूट चपलेसारखा फटफटवत जायचं.

बुटाच्या टाचेत, आतलं अस्तर आणि बाहेरचं चामडं यांच्यामध्ये, एक कडक तुकडा असतो. चांगल्या बुटात तो प्लॅस्टिकचा, साच्यात वळवलेला. स्वस्त बुटात दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा. प्लॅस्टिकचा दबला तरी बराचसा परत उभा राहतो. पुठ्ठ्याला एकदा घडी पडली की ती कायमची, आणि वर पावसाचं पाणी मुरलं तर विचारूच नका. माझ्या जोडातला नेमका दुसऱ्या जातीचा निघाला. उन्हाळा संपेपर्यंत उजव्या टाचेच्या वरच्या काठावर आडवी सुरकुती आली, मग आतल्या जाळीदार अस्तराला नखाएवढं भोक पडलं, त्यातून पिवळा फोम डोकावायला लागला आणि त्या कडेने मोज्याला खायला सुरुवात केली. न्यायमंदिराजवळ बसणाऱ्या मोचीकाकांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने टाच दाबली आणि मान हलवली. आतून मऊ चामड्याचा तुकडा लावून त्यांनी बारीक टाक्यांनी शिवून दिला. शंभराच्या आत काम झालं, आणि आज त्या बुटातला सगळ्यात टिकाऊ भाग तोच आहे.

तेव्हा दुकानात आरशात बघण्याआधी टाच अंगठ्याने दाबून बघा. पचकन आत गेली तर बूट कितीही देखणा असो, ठेवून द्या. घरात पादत्राणांच्या कपाटाला एक लांब दांड्याचा शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, अडकवा. आणि लेस इतक्याच आवळा की शूहॉर्नने पाय आत जाईल पण चालताना टाच उचलली जाणार नाही. जमतं ते, दोन दिवसांत हाताला बसतं.

आता माप. दुकानातल्या भाईचं ठरलेलं वाक्य, ‘पहेरशो एटले खुली जशे’, म्हणजे घालाल तसा सैल होईल. चामडं थोडं सैल होतं हे खरं, पण लांबी वाढत नाही. आपली अडचण बहुधा रुंदीची असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या लाखभर लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. बुटावर छापलेला यूकेचा नंबर मात्र लांबी सांगतो. एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते. चवड्याला घट्ट होतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, आणि मग बोटं जिथे वाकतात तिथे बूट वाकत नाही. पुढच्या भागावर ज्या खोल चिरा पडतात त्यांचं एक मोठं कारण हेच. ‘चामडं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पांढऱ्या बुटांवर बहुतेकदा रंगाचा जाड थर असतो, तो वाकला की तडकतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून माप बघा. माझा पाय रुंद आहे आणि या जोडाने मला त्या बाबतीत त्रास दिला नाही, चालण्याच्या सात मार्कांतले दोन त्याचेच.

पांढरेपणाबद्दल. बडोद्यात राहून पांढरे बूट घालायचे तर शेव-उसळ उभ्याने खाताना पाय मागे ठेवायची सवय लावावी लागते. तरीचा एक लाल थेंब बुटाच्या नाकावर पडला की तिथल्या तिथे कागदाने टिपायचा, चोळायचा नाही. घरी भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, जुना टूथब्रश, मग ओलं फडकं. टूथपेस्ट लावा असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पेस्ट खरवडते आणि वरची चकाकी घालवते. ब्लीचने पांढरं पिवळं होतं. वॉशिंग मशीनमध्ये डिंक सुटतो. आणि मे महिन्यात गच्चीवर वाळत ठेवाल तर उन्हाने तळाची कड पिवळी पडेल, ती सहजासहजी परत पांढरी होत नाही. पंख्याखाली वाळवा. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते.

बूट घासून लख्ख आणि लेस मात्र चहाच्या रंगाच्या, हे दृश्य सयाजीगंजात कॉलेज सुटताना उभं राहिलात तर शंभर वेळा दिसेल. नवी लेस चाळीस-पन्नास रुपयांत येते. तसंच घोळदार जीन्सचा ढीग बुटावर साचलेला असतो. मग तीन हजारांचा बूट घेतला काय आणि तीनशेचा काय, दिसतंय कोणाला? या बुटांवर घोट्याशी संपणारी पँट आणि न दिसणारे आखूड मोजे, एवढं पुरतं. झब्ब्यावर पांढरे स्नीकर्स मला आवडतात, विशेषतः साध्या सुती झब्ब्यावर. पण पळायचे जाड तळाचे, नारिंगी-हिरव्या पट्ट्यांचे बूट लग्नात शेरवानीखाली घालून येणाऱ्यांना करवल्यांनी ते खुशाल लपवावेत आणि परत देऊ नयेत.

तळाबद्दल थोडंच. बाजूने शिवलेला असल्यामुळे अजून कुठे उकललेला नाही, हे मोठंच. मात्र टाचेकडची नक्षी झिजून सपाट झाली आहे आणि पावसात खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारातल्या ओल्या फरशीवर पाय दोनदा तरी सरकलाच. पावसाळ्यात मी ते घालणं बंद केलं.

पुन्हा घेईन का? हाच जोड नाही. हजार-दीड हजार जास्त गेले तरी टाच कडक असलेला घेईन, घाट हाच. आणि नवा घेतला तरी नवरात्र उलटेपर्यंत खोक्यातून काढणार नाही. आपल्याकडे गरबा अनवाणीच खेळायचा, म्हणजे बूट मैदानाच्या कडेला हजारभर जोडांच्या ढिगात. तिथे जुनाच जोड नेलेला बरा, टाचेला ठिगळ असलेला. अंधारात ओळखायलाही सोपा, आणि चुकून कोणी उचललाच तर पहिल्या पावलाला परत ठेवेल.