पट्टी, टोपणशब्द, टॅबचे गट की सामायिक शीट? कोकणातल्या छोट्या ऑफिसासाठी बुकमार्कची तुलना

सकाळी शटर वर गेलं की तासाभरात एकाच संगणकासमोर सातबारा, वीजबिल, उत्पन्नाचा दाखला आणि रेल्वेचं तिकीट अशी कामं उभी राहतात. चिपळूणला असो, कुडाळला की अलिबागला, सेवा केंद्राच्या काउंटरचं चित्र हेच. दर वेळी गुगलवर नाव टाकून साइट शोधायला २० सेकंद जातात असं धरा. दिवसाला ४० माणसं आली तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं झाली. तेवढा वेळ एखाद्याला चालेलही. न चालणारी गोष्ट म्हणजे चुकीच्या साइटवर जाणं. शोधनिकालात सगळ्यात वर बऱ्याचदा जाहिरात असते आणि सरकारी नावासारखं नाव लावलेल्या खासगी साइट्सना तोटा नाही. तपासून ठेवलेल्या बुकमार्कमुळे वेळ वाचतो आणि ही चूकही टळते.

बुकमार्क ठेवायचे कसे, यासाठी चार मार्ग आहेत: वरची पट्टी, टोपणशब्द, टॅबचे गट आणि सगळ्यांना मिळून एक शीट. ‘सर्वांत चांगला कुठला’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. हा दुवा रोजचा दरवाजा आहे, चार आठवड्यांचं काम आहे, की तिघा-चौघांनी वापरायची सामायिक गोष्ट आहे, असं विचारलं की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी पत्ता ठेवण्याजोगा आहे का ते बघा

कुठलाही मार्ग निवडा, पत्ताच चुकीचा ठेवला असेल तर सगळी मांडणी फुकट. लॉगिन केल्यानंतरच्या आतल्या पानाचा बुकमार्क ही सगळ्यात नेहमीची चूक. अनेक सरकारी पोर्टलांच्या आतल्या पत्त्यात त्या लॉगिनपुरता (सेशनचा) क्रमांक असतो. दुसऱ्या दिवशी तोच पत्ता उघडला की ‘सेशन संपलं’ अशी पाटी दिसते आणि लोक म्हणतात, साइट बंद आहे. दुसरा प्रकार फॉर्मचा. जिल्हा, तालुका, गाव निवडून जे पान आलं, त्या निवडी पत्त्यात उतरलेल्या नसतात. बुकमार्क पुन्हा कोऱ्या फॉर्मवरच नेतो.

चाचणी सोपी आहे. पत्ता कॉपी करा, कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+पी) आणि तिथे चिकटवा. हवं ते पान किंवा सरळ लॉगिनचं पान आलं तर बुकमार्क करा. ‘सेशन संपलं’सारखी पाटी आली तर एक पायरी मागे येऊन प्रवेशाचं पान ठेवा.

जीमेलचं एक वेगळंच आहे. पत्त्यात ‘यू’नंतर शून्य, एक असा आकडा असतो. खाती ज्या क्रमाने लॉगिन केली त्यावर तो ठरतो. होमस्टेचं खातं आणि घरचं खातं एकाच ब्राउझरमध्ये असेल, तर एकदा लॉगआउट होऊन उलट्या क्रमाने आत आलात की ‘बुकिंगचे मेल’ हा बुकमार्क घरचे मेल दाखवतो. यावर दोन खात्यांना दोन क्रोम प्रोफाइल हाच खात्रीचा इलाज.

पट्टी: बघा आणि दाबा

कंट्रोल+शिफ्ट+बी दाबलं की पत्त्याखाली बुकमार्कची पट्टी येते, पान ठेवायला कंट्रोल+डी. शिकवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि काउंटरवर नवा मुलगा बसला तरी त्याला ती डोळ्यांना दिसते. या एका गुणावर पट्टी बाकी तिघांना मागे टाकते.

अडचण जागेची. १३६६ पिक्सेल रुंदीच्या साध्या लॅपटॉपवर दोन-तीन शब्दांची नावं ठेवली तर डझनभर मावतात, पुढचे उजव्या टोकाच्या बाणामागे जातात आणि बाणामागे गेलेलं सहसा कुणी उघडत नाही. नाव पुसून नुसतं चिन्ह ठेवायची युक्ती सगळे सांगतात. ती बँक, मेल, नकाशा यांना चालते. सरकारी साइट्सची चिन्हं एकतर राजमुद्रा, नाहीतर नुसता गोल. सहा राजमुद्रा शेजारी शेजारी ठेवून कुठली कशाची हे कोण लक्षात ठेवणार?

म्हणून फोल्डर करा, पण ते खात्याच्या नावाने नको. ‘महसूल’, ‘ऊर्जा’ असे फोल्डर ऑफिसात बसणाऱ्याच्या डोक्यातले. समोरचा माणूस ‘सातबारा पाहिजे’ म्हणतो, तेव्हा फोल्डरचं नाव ‘सातबारा’ हवं. आत दोनच दुवे: ‘सातबारा नुसता बघायला’ आणि ‘सातबारा सहीचा ₹१५’. पहिला महाभूलेखचा विनाशुल्क उतारा, तो कायदेशीर कामाला चालत नाही. दुसरा डिजिटल सहीचा, त्यासाठी लॉगिन आणि खात्यात शिल्लक लागते. नावातच फरक लिहिला की चुकीचा उतारा छापून गिऱ्हाईक बँकेतून परत येत नाही.

फोल्डरचा आणखी एक उपयोग फार थोडे करतात. फोल्डरवर माऊसच्या मधल्या चाकाने क्लिक केलं की आतले सगळे दुवे एकदम उघडतात. ‘सकाळ’ नावाचा चार-पाच दुव्यांचा फोल्डर करून ठेवा. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदराजवळच्या मासेमारी संस्थेच्या ऑफिसात त्यात हवामान खात्याचं मुंबई केंद्र, इन्कॉइस या केंद्र सरकारच्या महासागर माहिती संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि संभाव्य मासेमारी क्षेत्राचा सल्ला असावा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत हा शेवटचा सल्ला दिलाच जात नाही, तेव्हा तो दुवा तेवढ्यापुरता बाहेर काढा, समुद्रस्थितीचा राहू द्या. फोल्डरात १५ किंवा जास्त दुवे असले की ब्राउझर आधी ‘खरंच उघडू का’ विचारतो. तेवढे झाले असतील तर तो ‘सकाळ’ फोल्डर राहिलेला नाही, अडगळ झाली आहे.

बुकमार्क मॅनेजरमधलं ‘नावानुसार लावा’ हे बटण जपून. हाताने लावलेली रांग त्यात मोडते. चुकून दाबलंच तर तिथेच लगेच कंट्रोल+झेड.

टोपणशब्द: हात कीबोर्डवर बसला असेल तर

फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबून लायब्ररी उघडा, बुकमार्क निवडा. खाली नाव, पत्ता, टॅग (खुणेचे शब्द) यांच्याबरोबर ‘कीवर्ड’ असा रकाना दिसतो. तिथे दोन अक्षरं लिहा. पुढे पत्त्याच्या जागी ती दोन अक्षरं टाकून एंटर दाबलं की काम झालं. पट्टीकडे नजर जात नाही, माऊसला हात लागत नाही. वेगात याच्या जवळपास दुसरं काही येत नाही.

पत्त्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी एस लिहिला, तर टोपणशब्दानंतर टाइप केलेला मजकूर त्या जागी जातो. जीमेलच्या शोधाचा पत्ता असा साठवला की ‘मेल इन्व्हॉइस’ टाइप करून थेट इन्व्हॉइस असलेल्या मेलांची यादी येते. ज्या साइटवर शोधलेला शब्द पत्त्यात दिसतो तिथेच हे चालतं. इतर ठिकाणी डोकं लावत बसू नका.

क्रोममध्ये बुकमार्कला टोपणशब्द देता येत नाही. त्याऐवजी सेटिंग्ज, सर्च इंजिन, ‘साइट सर्च’ इथे जाऊन नाव, टोपणशब्द आणि पत्ता भरायचा. काम तेच होतं, पण ही यादी बुकमार्कच्या एक्स्पोर्टमध्ये येत नाही. संगणक बदलला आणि सिंक (खात्यातून सगळ्या यंत्रांवर एकच यादी ठेवण्याची सोय) नसेल तर सगळं पुन्हा भरा. क्रोमवरच राहायचं असेल तर सोपी वाट म्हणजे पत्त्याच्या जागी ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि बुकमार्क्स हा इंग्रजी शब्द टाइप करून टॅब दाबणं. मग फक्त तुमच्या बुकमार्कमध्ये शोध होतो. फायरफॉक्समध्ये हेच काम सुरुवातीला तारा टाकून होतं आणि अधिकचं चिन्ह टाकलं तर फक्त टॅगमध्ये शोधलं जातं.

मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. बुकमार्कचं नाव ‘फेरफार’ आणि कीबोर्ड इंग्रजीवर, तर शोधात काही सापडत नाही. देवनागरी ७/१२ आणि इंग्रजी आकड्यातलं सात-बारा ही ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी नावं. ‘मिळकत’मधला पहिला मि चुकून दीर्घ लिहिला तरी तेच. नावात आधी देवनागरी शब्द आणि मागोमाग तोच शब्द इंग्रजी लिपीत, असं लिहा. नाव लांब होतं, पट्टीवर शोभत नाही. पण जे दुवे टाइप करून उघडायचे ते पट्टीवर नसतातच.

टॅग क्रोमला नाहीत, फायरफॉक्सला आहेत. कर सल्लागाराच्या ऑफिसात त्यांचा चांगला उपयोग होतो. एकाच दुव्याला पक्षकाराच्या नावाचा आणि तारखेचा, असे दोन टॅग देता येतात: ७ टीडीएस भरण्यासाठी, ११ जीएसटीआर-१साठी, २० मासिक जीएसटीआर-३बीसाठी. तिमाही भरणाऱ्यांच्या जीएसटी तारखा वेगळ्या, त्यांना वेगळा टॅग. फोल्डरमध्ये हेच करायचं तर दुवा दोनदा ठेवावा लागतो.

एक मात्र खरं: टोपणशब्द ज्याने ठरवले त्यालाच पाठ असतात. तो गणपतीला आठ दिवस गावी गेला की ऑफिस पुन्हा गुगलवर.

टॅबचे गट: हंगामी कामाला

टॅबवर राइट क्लिक करून नवा गट करा, नाव आणि रंग द्या. क्रोम आणि एजमध्ये हे आहे, क्रोममध्ये साठवलेला गट पट्टीवरही दिसतो. देवगडच्या बागायतदाराने मार्च ते मे ‘हापूस’ असा गट ठेवला, त्यात ऑर्डरची शीट, कुरिअरचं पोर्टल, बाजारभाव आणि हवामान, तर हंगामात तो झकास चालतो. वळिवाच्या पावसात लाईट गेली आणि यूपीएसने साथ सोडली तरी साठवलेला गट राहतो. अर्धा भरलेला फॉर्म मात्र जातो.

बुकमार्क आणि गट यांत एक मूलभूत फरक आहे, तो समजून न घेता गट वापरले की गोंधळ होतो. बुकमार्क जिथे ठेवला तिथेच राहतो. गटातला टॅब मात्र तुमच्याबरोबर सरकतो. त्या टॅबमध्ये तुम्ही आतल्या पानावर गेलात की साठवलेल्या गटातही तेच पान जातं. संध्याकाळी कुरिअरच्या एका पार्सलचं पान उघडं राहिलं, तर सकाळी गट उघडल्यावर प्रवेशाचं पान नाही, तेच कालचं पार्सल दिसतं. म्हणून रोजच्या दरवाजांसाठी गट नको. दुसरं कारण मेमरीचं. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर २० टॅब उघडे ठेवले की प्रिंट द्यायलाही वाट बघावी लागते.

हंगाम संपला की कंट्रोल+शिफ्ट+डी दाबा. त्या खिडकीतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला वर्षाचं नाव द्या, गट पुसून टाका. हे करण्यापूर्वी त्या खिडकीत दुसरे टॅब नाहीत ना ते बघा, नाहीतर तेही आत जातील.

शीट: तीन संगणक असले की

ऑफिसात तीन यंत्रं असली की एका पत्त्यातला बदल तीनदा करावा लागतो. ताजं उदाहरण बँकांचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. त्यामुळे बँकांचे जुने बुकमार्क तपासून नवा पत्ता ठेवणं हे प्रत्येक यंत्रावर करायचं काम झालं. शीट असेल तर एका ओळीत भागतं.

रकाने पाचच पुरे: काम, दुवा, लॉगिन कुणाच्या नावावर, मुदत किंवा शुल्क, शेवटचं कधी तपासलं. पासवर्डचा रकाना करायचा नाही, ‘तात्पुरता’ म्हणूनही नाही. शेअर करताना ‘दुवा असलेला कुणीही’ ऐवजी ठरावीक मेल पत्तेच द्या. दुरुस्तीचा हक्क एक-दोघांनाच, बाकीच्यांना फक्त बघायचा. मग या शीटचा एकच बुकमार्क प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर डावीकडे पहिला.

तोटा वेगाचा. आधी शीट उघडायची, ओळ शोधायची, मग दुवा दाबायचा. पावसाळ्यात नेट रांगत असलं की शीटच उघडायला वेळ खाते. दिवसातून दहादा लागणाऱ्या दुव्यांसाठी ही वाट लांबची.

बाहेरच्या बुकमार्क सेवा, उदाहरणार्थ रेनड्रॉप, वाचायचं साहित्य साठवायला छान आहेत. काउंटरच्या कामाला त्यांची गरज नाही. शिवाय अशा सेवा बंद पडतात. मोझिलाचं पॉकेट जुलै २०२५मध्ये बंद झालं.

मग कुणी काय घ्यावं

सेवा केंद्राने पट्टी आणि कामाच्या नावाचे फोल्डर घ्यावेत, बाकी काही नको. एकट्या हिशेबनीसाने फायरफॉक्स आणि टोपणशब्द. त्याला आठवडाभर सवय करावी लागेल, पण परत माऊसकडे जाणार नाही. तारकर्ली-गुहागरकडच्या होमस्टेवाल्याने वेगळं प्रोफाइल, पट्टीवर सहा-सात दुवे आणि मे महिना, गणपती, दिवाळीपुरता टॅबचा गट. तीन किंवा जास्त यंत्रं असतील तर शीट हवीच, पण तिच्या जोडीला पट्टी ठेवून. रेल्वेची तिकिटं काढणाऱ्यांनी बुकमार्ककडून जास्त अपेक्षा ठेवू नये. तो पान उघडून देतो, गणपतीच्या गाड्यांतली जागा देत नाही.

काहीही घ्या, सामायिक यंत्रावर स्वतःच्या खात्याचं सिंक चालू करू नका. बुकमार्क आणि पासवर्ड दोन्ही तिथे उतरतात, आणि कुणी ‘फालतू’ म्हणून तिथला फोल्डर पुसला तर तो तुमच्या मोबाईलवरूनही जातो. फायरफॉक्स रोजच्या प्रती आपणहून ठेवतो आणि लायब्ररीतल्या ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मधून जुन्या तारखेवर परत जाता येतं. मात्र त्या तारखेनंतर ठेवलेले बुकमार्क मग जातात. क्रोममध्ये पुसलेलं परत आणायची अशी सोय दिसत नाही. महिन्यातून एकदा बुकमार्क मॅनेजरच्या तीन ठिपक्यांतून एक्स्पोर्ट करून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. परत घेताना एकदाच इम्पोर्ट करा. दोनदा केलं तर ‘इम्पोर्टेड’ नावाच्या फोल्डरांत सगळे दुवे दोन-दोन होतात, आणि ते हाताने निवडून काढण्यात अख्खी दुपार जाते.