वीज नसलेल्या मुक्कामांसाठी निकॉन एफएम२ : स्पितीतील अनुभवानंतरचे परीक्षण

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात लांग्झाहून निघून कोमिक, देमुल, ल्हालुंग करत धनकरपर्यंत पायी जायचा बेत सप्टेंबरअखेरीस जमला, तेव्हा तयारीतला सर्वांत जास्त वेळ कोणता कॅमेरा न्यायचा हे ठरवण्यात गेला. लांग्झा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे आणि कोमिक त्याहूनही वर. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी असतो. तिथे दिवे असतात, पण रात्रभर चार्जर चालेल एवढी वीज मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. शेवटी गळ्यात निकॉन एफएम२ व ५० मिलिमीटरची एकच लेन्स, आणि सॅकमध्ये एक छोटा मिररलेस डिजिटल अशी जोडी घेतली.

एफएम२ हा १९८२ साली बाजारात आलेला आणि २००१ पर्यंत तयार होत राहिलेला फिल्म कॅमेरा आहे. लेन्सशिवाय त्याचे वजन साधारण ५४० ग्रॅम भरते. त्याचे शटर एका सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंतच्या प्रत्येक वेगावर निव्वळ स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालते, आणि दुर्गम भागात जाणाऱ्याने हा कॅमेरा निवडण्याचे माझ्या मते हेच खरे कारण आहे. शर्टाच्या बटणाएवढे दोन एलआर४४ सेल त्यात बसतात, पण ते फक्त प्रकाश मोजण्यापुरते असतात. ते संपले तर व्ह्यूफाइंडरमधली अधिक, शून्य आणि उणे ही तीन तांबडी चिन्हे विझतात, बाकी कॅमेऱ्याचे काहीही अडत नाही. कोमिकला पहाटे अंगणातल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. आदल्या संध्याकाळी पूर्ण भरलेली डिजिटलची बॅटरी त्या थंडीत दहा-पंधरा मिनिटांत तांबडी खूण दाखवू लागली. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून असे होते. तीच बॅटरी आतल्या खिशात ऊब देऊन परत घातली की पुष्कळशी पूर्ववत चालते. त्यामुळे रात्री बॅटऱ्या झोपण्याच्या पिशवीत घेऊनच झोपावे. त्याच पहाटे एफएम२ची फिल्म पुढे सरकवणारी दांडी ओढली आणि बटण दाबले, तेव्हा पुण्यात मे महिन्यात येतो तसाच खणखणीत आवाज आला.

प्रकाशाची बाब मात्र नीट समजून घ्यावी लागते. एवढ्या उंचीवरची विरळ, कोरडी हवा दुपारचे ऊन फार कठोर करते. उजेडातली भिंत आणि तिच्या सावलीत बसलेला माणूस यांच्यात इतका फरक पडतो, की दोन्ही एकाच चित्रात सांभाळणे कठीण जाते. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड उदारपणे सोसते, परंतु सावलीत उजेड कमी पडला की तिथे काहीच उरत नाही. डिजिटलचे बहुतांशी उलट आहे : सावली नंतर उजळता येते, पण एकदा पांढरे फटक झालेले आकाश परत येत नाही. म्हणून फिल्मवर मी सावलीचे माप घेत असे. चुन्याने रंगवलेल्या घरासमोर किंवा बर्फासमोर कॅमेऱ्यातला प्रकाशमापक म्हणजे मीटर त्या पांढऱ्याला करडे समजून कमी उजेड सुचवतो, तेव्हा एक ते दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) वाढवून द्यावेत. मीटर बंदच पडला, तर स्वच्छ उन्हात ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचे माप) १६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे प्रकाश-संवेदनशीलतेच्या, आकड्याजवळ न्यावा. ४०० च्या फिल्मला १/५०० चालतो.

आता देमुलची गोष्ट, कारण फिल्मचा धोका नेमका कुठे असतो ते त्यातून कळेल. तिथे एका खळ्यावर जवाची मळणी चालली होती, जनावरे गोल फिरत होती आणि उडणाऱ्या भुश्यावर तिरपे ऊन पडले होते. मी मोठ्या तन्मयतेने फोटो काढत राहिलो. रोल ३६ फोटोंचा; आकडा ३६ झाला, मग ३७, मग ३८, आणि दांडी तरीही सहज फिरत होती. रात्री रजईखाली अंधारात मागचे झाकण उघडून चाचपले, तेव्हा फिल्मचे टोक ती गुंडाळून घेणाऱ्या चकतीच्या खाचेतून निसटून पहिल्याच जागी पडलेले हाताला लागले. एकही फोटो उमटला नव्हता. त्याची हळहळ आजही वाटते. रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळण्याची मूठ हलकेच फिरवून ढील काढावी आणि दांडी ओढताना ती मूठ फिरते की नाही ते दर वेळी पाहावे. एवढे पाहिले असते तर ते फोटो हातचे गेले नसते. कोरड्या थंडीत फिल्म कडक होते आणि भराभर गुंडाळल्यास स्थिर विजेच्या ठिणग्यांच्या खुणा तिच्यावर उमटतात, म्हणून रोल परत गुंडाळताना घाई करू नये.

रात्रीचे आकाश, चुलीच्या उजेडातले स्वयंपाकघर आणि गोंपांचे (बौद्ध मठांचे) काळोखे गाभारे यांच्यासाठी डिजिटलला पर्याय नाही. दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटत जाते आणि चूक झाल्याचे कळायला घरी परतावे लागते. (इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या, स्पितीतल्याच ताबोच्या बौद्ध मठातल्या प्राचीन मंदिरांच्या आत छायाचित्रणाला मनाई आहे; तिथे कोणताच कॅमेरा बाहेर काढू नये.)

खर्च कमी नाही. रोल, तो धुणे आणि स्कॅन करणे यांचा हिशेब आधीच करून ठेवावा. विमानाने जाणाऱ्यांनी रोल कधीही चेक-इनच्या सामानात टाकू नयेत; पारदर्शक पिशवीत जवळ ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी, कारण विमानतळावरच्या सामान तपासणाऱ्या नव्या सीटी पद्धतीच्या क्ष-किरण यंत्रांतून कमी आयएसओची फिल्मही खराब होऊ शकते. पॉवर बँकही हातातल्या सामानातच न्यावी लागते.

एफएम२ आता जुनाच मिळतो. विकत घेताना मागचे झाकण उघडून कडेच्या काळ्या स्पंजला बोट लावून पाहावे. तो चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो आणि स्पंज बदलावा लागतो. एका सेकंदाचा वेग लावून शटर कानाशी धरावे आणि ते मध्येच अडखळत नाही ना ते ऐकावे. शटरच्या पातळ पात्यांना मात्र बोट लावू नये. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी कॅमेरा आधी तोंडाशी धरून बघावा, कारण शटर चालण्यासाठी दांडी थोडी बाहेर ओढलेली असावी लागते आणि तिचे टोक कपाळाला टोचते.

ज्यांनी घराजवळ निदान दहा रोल काढून धुवून घेतले आहेत आणि ज्यांच्या वाटेवर विजेशिवायचे चार-पाच मुक्काम आहेत, त्यांना मी एफएम२ निःशंकपणे सुचवेन. पहिल्यांदाच जाणाऱ्याने एकच कॅमेरा न्यायचा असेल, तर धूळ-पाण्यापासून बंदिस्त असलेला डिजिटल आणि तीन बॅटऱ्या न्याव्यात. दोन्हींपैकी काहीही नेले, तरी थंडीतून उबदार खोलीत येण्याआधी कॅमेरा बाहेरच घट्ट पिशवीत बंद करावा, म्हणजे दव पिशवीवर धरते, काचेवर नाही. मुंबई-कोकणात परतल्यावर लेन्स कातड्याच्या बंद पेटीत ठेवू नये. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर स्पितीत सुखरूप राहिलेल्या काचेला इथल्या पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागते.