फिगर ड्रॉईंगचा क्लास : दिवाळी ते पोळा

धंद्याने मी बोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची घोषवाक्यं, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर वाघ आणि तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी. फ्लेक्स आला तशा पाट्या गेल्या, भिंती तेवढ्या उरल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दर रविवारी माणूस समोर बसवून चित्र काढायचा क्लास निघाला, तेव्हा दिवाळी आटोपल्यावर नाव टाकलं. आता पोळा तोंडावर आला. फी महिन्याला आठशे, जाण्यायेण्याची एसटी वेगळी. पैसे वसूल झाले का, असं धंद्यातल्या दोघातिघांनी विचारलं. झाले, पण ज्या गोष्टीसाठी भरले होते त्यात नाही.

मला हवा होता चेहरा. पुढाऱ्यांचे, महापुरुषांचे चेहरे झटक्यात जमले की भिंतीचा रेट वाढतो, हा साधा हिशोब. फोटोवर चौकटी टाकून मोठं करायची विद्या हाताशी होतीच. त्यात नाक-डोळे जागेवर पडतात, पण पूर्ण माणूस काढला की तो जमिनीवर उभा राहत नाही, भिंतीला चिकटवलेला दिसतो. मोबाइलवर जवळून काढलेला फोटो असला तर आणखी पंचाईत. पुढे आलेला पंजा तोंडापेक्षा मोठा येतो, आणि चौकटी त्याला इमानदारीत तसाच उतरवतात.

क्लासमध्ये चेहऱ्याला कोणी हातच लावू दिला नाही. सुरुवातीला सगळ्या झटपट पोझ. तीस सेकंद, एक मिनिट, फार तर दोन. सर घड्याळ पाहून 'बदला' म्हणणार, मॉडेल वळणार, आपण नवा कागद घ्यायचा. खोडरबर पिशवीत. डोक्यापासून बाहेरची रेष ओढत खाली यायची सवय असलेला माणूस खांद्याशी पोचतो तोवर मिनिट संपलेलं. मग नाइलाजाने आधी पाठीचा कणा कुठे वाकला ते एका रेषेत टाकायचं, मग कमरेचा उतार, मग पाय, आणि डोकं शेवटी. कागद पाहिला तर नुसत्या काड्या. पण त्या काड्या उभ्या होत्या, चालत होत्या, वाकत होत्या. माझ्या भिंतीवरच्या शेतकऱ्याला वीस वर्षांत ते जमलं नव्हतं.

खरी किंमत वसूल झाली ती ओळंब्यामुळे. सरांनी गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, आणला होता. मॉडेल म्हणून आले होते एक म्हातारे सालदार, धोतर आणि बंडी. सर म्हणाले, "काकाजी, एका पायावर भार टाका." काकाजी म्हणाले, "टाकलाच हाय ना जी. धुऱ्यावर मी असाच तं उभा राह्यतो." सरांनी ओळंब्याची दोरी त्यांच्या गळ्याच्या खळगीशी धरली. लोलक खाली गेला तो थेट भाराच्या पायाच्या टाचेशी. मग दाखवलं की ज्या पायावर भार, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर, आणि त्याच बाजूचा खांदा खाली. दुसरा पाय मोकळा, गुडघ्यात सैल. काकाजींनी पाय बदलला की सगळं उलटं. हे एवढंच. ग्रीक मूर्तिकारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दगडात हेच केलं, आणि आपल्याकडच्या त्रिभंगातल्या मूर्तीही अशाच एका पायावर भार देऊन उभ्या असतात. मी मात्र आजवर दोन्ही पाय सारखे रोवलेला शिपाई काढत होतो.

त्यानंतर वावरात पाहायची नजर बदलली. कापूस वेचणारी बाई कमरेच्या ओटीत कापूस भरत जाते तशी तिच्या अंगाचा तोल कसा बदलतो, लेकरू कडेवर असलेल्या बाईचा एक खांदा का पडतो, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाईची मान हालत नाही आणि सगळं हालणं कमरेत का उतरतं, हे आता दिसतं.

मापांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. भिंतीवर आठ डोक्यांच्या, म्हणजे उंची डोक्याच्या आठ पट असलेल्या, माणसाचा चार्ट टांगलेला. आठ डोकी म्हणजे आदर्श पुतळा. खराखुरा माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास भरतो, आणि आमचे काकाजी पेन्सिल धरून मोजले तर साताच्याही आत. पण आर्ट कॉलेजच्या सीईटीची तयारी करणारी पोरं चार्ट पाहून काढतात, मग काकाजींचा सिनेमातला हिरो होतो. हात ताठ, कोपर सरळ, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं, हे शिकवलं, पण चार्ट काही उतरवला नाही. त्यापेक्षा शरीराचा मध्य जांघेशी येतो, मनगट तिथवरच पोचतं आणि कोपर कमरेच्या खाचेशी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं.

शिवाय आपल्याकडचा माणूस उभा राहतो कमी, बसतो जास्त. पारावर मांडी घालून, धुऱ्यावर उकिडवा. चिनी चित्रकारांचा जुना हिशोब आहे, उभा सात, खुर्चीवर पाच, मांडी घातली की साडेतीन. खेड्यातल्या क्लाससाठी हा हिशोब त्या चार्टपेक्षा कामाचा, पण तो मला क्लासबाहेर कळला.

गावात पहिला प्रश्न असतो, "अंगावर कपडे राह्यतात ना?" राहतात. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात तिथे नग्न मॉडेलवरून अभ्यास रुजला. इथे पुरुषाने बंडी काढली तरी दाराशी पोरांची गर्दी होते. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. धोतराची चुणी उगाच पडत नाही. गुडघा, कंबर, जिथून कापड ताणलं जातं तिथून ती निघते, म्हणजे आतला पाय कापडच सांगतं. वाईट वाटतं ते बाया मॉडेल जवळजवळ नसल्याचं. एक मावशी आल्या होत्या, लुगडं नेसून. त्यांना हनुवटीखाली हात ठेवून कॅलेंडरसारखं बसवलं. पोझ संपल्यावर त्या भिंतीला टेकल्या, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, आणि डबीतली तंबाखू चोळत बसल्या. काढायचं होतं ते हे. माझ्या आणि एका पोरीच्या वहीत ते आलं, बाकीच्यांनी तोवर कागद गुंडाळले होते.

लांब पोझ, वीस मिनिटांच्या, फसतात. हसळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, कुठून निघते, हात वर केला की खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, कसा सरकतो, गुडघ्याच्या वाटीखाली काय आहे, हे कोणी सांगत नाही. मग उरलेला वेळ सगळे शेडिंग घासत बसतात.

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेसाठी येणारी पोरं वेगळीच. स्मरणचित्रासाठी त्यांची माणसं पाठ असतात, पाठमोरी बाई, फुगेवाला, छत्रीवाला. जत्रा असो की बसस्टँड, तेच तिघं हजर. झटपट पोझने त्यांचं पाठांतर मोडतं, म्हणून आईबाप नाराज. घरी दाखवायला पूर्ण झालेलं चित्र नाही ना! माझ्या मते पोरांना पाठवायचं तर परीक्षा झाल्यावर पाठवा.

सामान महाग नाही. छापखान्यातून न्यूजप्रिंटचे उरलेले कागद किलोवर मिळतात. कोळशाच्या कांड्या दुकानातून आणायची गरज नाही. तुराट्यांचे तुकडे डब्यात गच्च भरायचे, झाकणाला बारीक भोक पाडायचं आणि डबा चुलीत घालायचा. भोकातून धूर यायचा थांबला की काढायचा, पण पूर्ण थंड होईस्तोवर उघडायचा नाही, हवा लागली की राख होते. आमच्या कांड्या मऊ निघाल्या, झटपट पोझला बेस्ट. बारीक कामाला मात्र चारकोल पेन्सिलच घ्या.

चेहऱ्याचा रेट काही वाढला नाही. पण यंदा कृषी केंद्राच्या भिंतीवर फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस काढला, फोटोशिवाय, तर मालकाने स्वतःहून शेजारच्या गोदामाची भिंतही दिली.

पुढची बॅच दसऱ्यानंतर आहे, मी पुन्हा भरतोय. नवीन येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्या. हॉल टिनाचा आहे, दुपारी घामाने कोळसा कागदावर पसरतो, लाईन गेली की कूलर बंद, आणि मॉडेलला बसल्या जागी डुलकी लागते.