टँकरच्या टाकीची दुरुस्ती: मनमाड परिसरातील एका गॅरेजविषयी सविस्तर अभिप्राय

मनमाडजवळ पानेवाडी आणि नागापूर येथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून नळवाहिनीने आलेले इंधन येथून टँकरमध्ये भरून खानदेश, मराठवाडा आणि नगरकडच्या पंपांवर जाते. साहजिकच या पट्ट्यात टँकरची कामे करणारी गॅरेजेही बरीच आहेत. इंजिन, क्लच, पाटे, ब्रेक ही कामे त्यांतील कोणीही करून देतो. टाकीला तडा गेला म्हणजे मात्र कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न गाडीमालकापुढे उभा राहतो. आमच्या वीस हजार लिटरच्या, चार कप्प्यांच्या डिझेल टँकरचे असेच काम या भागातील एका जुन्या गॅरेजात करून घेतले. टँकरच्या गॅरेजची पारख वेल्डिंग कसे होते यापेक्षा वेल्डिंगपूर्वी काय काय होते यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे आणि हा अभिप्राय त्याच दृष्टीने लिहीत आहे.

मागच्या कप्प्याच्या खालच्या अंगाला ओल दिसत होती, परंतु डिझेल पत्र्यावरून पसरत जाते. त्यामुळे ओल दिसते तेथेच तडा असेल असे नसते. येथील मिस्त्रींनी अंदाजाने बोट ठेवले नाही. त्यांनी सगळा जोड कापडाने कोरडा पुसून घेतला, त्यावर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप दिला आणि तो वाळू दिला. थोड्या वेळाने पांढऱ्या लेपावर केसासारखी बारीक, काळपट रेघ उमटली. टाकी ज्या बैठकीवर टेकते, तिच्या वेल्डिंगच्या अगदी कडेला ती होती. तेवढ्यावर न थांबता त्यांनी टाकी चासीला बांधणारे यू-बोल्ट तपासले. त्यांतील मागची जोडी सैल निघाली. टाकी हलत राहिल्यामुळे बैठकीच्या कोपऱ्यावर सतत ताण येत होता आणि तडा त्यामुळेच गेला होता. हे कारण शोधले नसते, तर पुढच्या काही महिन्यांत तोच तडा पुन्हा उघडला असता.

यानंतरचा भाग मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. डिझेल हा पेट्रोलच्या मानाने थंड माल आहे, त्याला काही होत नाही, असा समज आपल्या धंद्यात खोलवर रुजलेला आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. आपल्याकडील डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगीने पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते ते तापमान, मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो. म्हणजे मनमाडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत ज्वालाग्राही वाफ तयार होण्यास वेल्डिंगचीही गरज उरत नाही. शिवाय याच गाड्यांच्या एखाद्या कप्प्यात आधीच्या खेपेला पेट्रोल भरलेले असते, त्यामुळे कागदावर डिझेलचा असलेला टँकर आतून निव्वळ डिझेलचाच असेल याची खात्री देता येत नाही. पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये डिझेल ‘ब’ वर्गात येते, आणि टाकी वायुमुक्त असल्याचा, म्हणजे तिच्यात पेटणारी वाफ उरली नसल्याचा, सक्षम व्यक्तीचा दाखला असल्याशिवाय तिच्यावर आगीचे किंवा ठिणगीचे काम करता येत नाही. नियम स्पष्ट आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

टाकीत काठोकाठ पाणी भरून लगेच वेल्डिंगला बसणारी गॅरेजे मी पाहिली आहेत. पाण्याने मोकळी जागा कमी होते हे खरे, पण डिझेल पाण्यावर तरंगते. ते पाण्याबरोबर वर चढते आणि मॅनहोलच्या (टाकीच्या वरच्या तोंडाच्या) गळ्यात व वरच्या पत्र्याला चिकटून राहते. या गॅरेजात आधी चारही कप्पे पूर्ण रिकामे करून तळाचा गाळ आणि गंजाच्या खपल्या काढण्यात आल्या. तडा एकाच कप्प्याला असूनही चारही कप्प्यांना पाण्याची गरम वाफ देण्यात आली, कारण शेजारच्या कप्प्यातील इंधनाची वाफ मधल्या पडद्याला लागलेल्या उष्णतेने पेटू शकते. त्यानंतर सर्व झाकणे उघडी ठेवून हवा खेळती ठेवली आणि मगच वायुमापक आत सोडला. तो मॅनहोलच्या तोंडाशी धरून भागत नाही. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचते, म्हणून त्याची नळी प्रत्येक कप्प्याच्या तळापर्यंत नेली. एका कप्प्यात काटा शून्यावर आला नाही, तेव्हा काम थांबवून त्या कप्प्याला पुन्हा वाफ दिली. आमच्या चालकाने घाई केली, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “दादा, गाडी उद्या जाईल, पण असं काम मी करणार नाही.” दाखला हातात आल्यावरही वेल्डिंग चालू असताना अधूनमधून मापन होत होते. ते आवश्यकच होते, कारण गंजाच्या थराखाली मुरलेले डिझेल पत्रा तापल्यावर पुन्हा वाफ सोडते.

प्रत्यक्ष वेल्डिंग नीटस झाले. तड्यावर नुसते ठिगळ न लावता त्याची दोन्ही टोके शोधून तेथे बारीक छिद्रे पाडली, तडा खोलवर घासून भरला आणि बैठकीखाली रुंद पट्टी घातली. बॅटरी आधीच सोडवली होती आणि वेल्डिंगची अर्थ-क्लॅम्प (वीजप्रवाह परत नेणारी पकड) कामाच्या अगदी जवळ, त्याच पत्र्यावर लावली होती. ती दूर चासीवर कोठेतरी लावली तर वीजप्रवाह बेअरिंग आणि पाट्यांतून वाट काढतो. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या मानकाच्या गाड्यांत तर महागड्या इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान होते.

त्याच मुक्कामात बाकीची तपासणीही करून घेतली. मॅनहोलच्या झाकणांचे गॅस्केट बदलताना त्यांनी नायट्राइल रबरच वापरले. बाजारात मिळणारे साधे रबर डिझेलमध्ये फुगते आणि झाकण घट्ट बसत नाही. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे कप्प्याच्या तळाची झडप, केबिनकडील आणि मागील अशा दोन्ही बाजूंनी बंद होतो की नाही, हे प्रत्येक कप्प्यासाठी चालवून पाहिले. सायलेन्सरचा स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा भाग), बॅटरीचा मास्टर स्विच आणि डेपोत अर्थिंगची क्लिप लावण्याचा बोल्ट यांकडेही लक्ष दिले. या बोल्टवर आमच्याच रंगाऱ्याने रंगाचा थर चढवला होता. तो खरवडून धातू उघडा केला नसता, तर क्लिप लावूनही स्थिर वीज जमिनीत उतरली नसती. डिझेलची ओळख सांगणारा यू.एन. क्रमांक १२०२ चा फलक फिकट झाला होता, तोही बदलण्यास त्यांनीच सुचवले.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे टाकीची क्षमता मापून घेण्याच्या, बाबतीत मात्र मालकांनी स्वतः जागरूक राहावे. टँकर हे वाहन आहे, तसेच ते कायद्याने मापही आहे, आणि वैध मापन शास्त्र विभागाकडून त्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी करून घ्यावी लागते. पत्रा बदलला, कप्प्याला पोच आला किंवा आतून पट्टी बसवली, की क्षमता बदलू शकते. कप्प्यातील पृष्ठभाग चार चौरस मीटर असेल तर डिप पट्टीवरील (मालाची उंची मोजण्याच्या पट्टीवरील) एका मिलिमीटरचा फरक चार लिटरचा होतो, आणि पंपावर माल उतरवताना होणारे निम्मे वाद याच फरकातून निघतात. या गॅरेजाने बैठकीखालची पट्टी बाहेरून बसवली आणि तरीही फेरपडताळणी करून घेण्यास बजावले. परंतु त्यासाठीचे अर्ज, वेळ घेणे, गाडी पाण्यावर मापून घेणे यात त्यांची काहीही मदत झाली नाही. एवढे चोख काम करणाऱ्यांनी ही जबाबदारीही घ्यायला हवी होती.

उणिवा आणखीही आहेत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांतील सेन्सर, युरियाची यंत्रणा आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरच्या तक्रारी येथे सुटत नाहीत. हा फिल्टर स्वतःला साफ करताना सायलेन्सरचे तापमान कित्येक शे अंशांवर जाते. त्यामुळे डेपोत शिरण्यापूर्वी ही प्रक्रिया रोखणारे बटण कोठे आहे आणि ते कसे वापरावे, हे प्रत्येक टँकरचालकाला माहीत असले पाहिजे. आमच्या चालकाने विचारले असता येथील कारागिरांना ते नीट सांगता आले नाही. अशा कामांसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे जावे. ब्रेक लायनर आणि पाट्यांचे काम बरे होते, पण त्यासाठी मुद्दाम येथे येण्याचे कारण नाही. चालकांना बसायला सावली नाही आणि पिण्याच्या पाण्याचीही सोय नाही, ही गोष्ट मला खटकली. ज्यांच्या गाडीची एवढी काळजी घेतली जाते, ती माणसे दिवसभर उन्हात उभी राहतात.

खर्च रस्त्याकडेच्या साध्या गॅरेजच्या जवळपास दीडपट आला. वाफ, सफाई आणि दाखला यांचे पैसे बिलात वेगळे लावले होते, ते मला योग्यच वाटले, कारण ग्राहकाला कशाचे पैसे दिले हे कळते. मात्र खर्चाचा अंदाज त्यांनी आधी तोंडीच सांगितला होता आणि गॅस्केटची रक्कम त्यात धरली नव्हती. तेव्हा तो कागदावर घ्यावा. जाताना एक्सप्लोझिव्ह लायसनची (टँकरमधून इंधन वाहून नेण्याच्या परवान्याची) प्रत, कॅलिब्रेशन चार्ट आणि चारही कप्प्यांत शेवटच्या काही खेपांत कोणता माल होता याची नोंद सोबत न्यावी, म्हणजे सफाई किती कडक करायची हे त्यांना ठरवता येते. गाडी किमान दोन-तीन दिवस अडकणार हे धरूनच पंपांच्या मालाची पर्यायी व्यवस्था करावी. पावसाळ्याच्या तोंडावर येथे रांग लागते, म्हणून आमच्या दुसऱ्या टँकरच्या टाकीची तपासणी आम्ही दिवाळीनंतरच्या आठवड्यात ठेवली आहे आणि ती याच मिस्त्रींकडे दिली आहे.