पागेच्या जुन्या दाखल्यावर विकली गेलेली घोडी

करवीर तालुक्यातील आमच्या शेतावर दोन-तीन चांगल्या घोड्या ठेवून शिंगरे तयार करावीत, या विचाराने मी गेल्या वर्षी घोडीच्या शोधात होतो. ओळखीतून आलेल्या एका दलालाने परजिल्ह्यातील व्यापाऱ्याची एक कुम्मैत (तांबूस-तपकिरी रंगाची) घोडी दाखवली आणि तिच्याबरोबर एक जुना कागदही पुढे ठेवला. "पावणं, ही घोडी बाजारातली न्हवं, पागेतली हाय," असे तो म्हणाला. व्यवहार दोन लाखांच्या पुढे गेला. त्यात घोडीची किंमत थोडी होती आणि कागदाचीच जास्त होती, हे आता स्पष्ट झाले आहे. पोलिसांत तक्रार दिलेली असल्याने मी कोणाचे नाव लिहीत नाही. मात्र ही फसवणूक कशी रचली जाते, हे आपल्या भागातील घोडेवाल्यांना तपशीलवार कळले पाहिजे, म्हणून हे लिहीत आहे.

तो कागद म्हणजे कोल्हापूर दरबारच्या पागेचा १८८६ सालचा दाखला असल्याचे सांगण्यात आले. मुंबईहून आणलेला अरबी घोडा रेल्वेने कोल्हापूर स्टेशनात उतरवून घेतला, तो भीमा-नीरेकाठच्या भीमथडी जातीच्या घोडीला दाखवला आणि त्या वंशातील शिंगरे शाहू महाराज सरकारांच्या आज्ञेवरून मर्जीतल्या पाटलांना दिली, असा त्यातील मजकूर होता. हा मजकूर पटण्यासारखा होता, कारण त्याच्या अवतीभवतीचा इतिहास खरा आहे. बसऱ्याकडून आणि आखातातून अरबी घोडे मुंबईच्या बंदरात उतरत आणि तेथील तबेल्यांतून देशभर विकले जात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील चिवट घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा चालल्या, आणि त्या फौजा मोडल्यावर या घोड्यांची मागणी व निगा दोन्ही खालावली. पुढे इंग्रज सरकारला घोडदळासाठी घोडे कमी पडू लागले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वळू घोडे ठेवून शेतकऱ्यांच्या पसंत केलेल्या घोड्यांवर खुणेचा डाग देण्याची पद्धत सुरू झाली. आमच्या घरात तर कोल्हापूरचा गूळ बैलगाड्यांतून फोंडा घाटाने राजापूरला नेण्याच्या आणि परतीला कोकणचा माल आणण्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्या गाड्यांबरोबर असलेल्या तट्टांचीही त्यात आठवण असते. दलालाने हे सारे आमच्याच ओसरीवर बसून आमच्याकडून ऐकून घेतले होते, आणि दाखला त्यानंतरच्या भेटीत निघाला.

त्या कागदाचे खोटेपण त्याच्याच ओळींत आहे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये, त्यामुळे १८८६ साली कोल्हापूर स्टेशनात घोडा उतरणे शक्यच नव्हते. शाहू महाराजांचे दत्तकविधान १८८४ चे, पण राज्यकारभाराचे अधिकार त्यांच्या हाती आले २ एप्रिल १८९४ रोजी. १८८६ मध्ये ते राजकोटला शिकणारे अल्पवयीन राजपुत्र होते, तेव्हा त्यांच्या आज्ञेवरून पागेतली जनावरे वाटली गेली असणे संभवत नाही. शिवाय त्या काळचे दरबारी दप्तर प्रामुख्याने मोडीत असताना हा दाखला मात्र आरंभापासून अखेरपर्यंत सुबक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात नेहमी काम करणाऱ्या एका अभ्यासकांनी कागद हातात घेताच या तिन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाखला अस्सल निघाला असता, तरी त्या घोड्यापासून आजच्या घोडीपर्यंत साधारण डझनभर पिढ्या होतात आणि मधल्या एकाही पिढीची नोंद विक्रेत्याजवळ नव्हती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती नोंद जातीची आहे. कोणा एका घोडीला त्यातून वंशाचा पुरावा मिळत नाही, आणि दलाल नेमके तसे भासवतात.

घोडी पाच वर्षांची आणि तीन महिन्यांची गाभण असल्याचे सांगितले होते. आपल्याकडचे जाणते लोक दात पाहूनच वय ठरवतात, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. घोड्याचे पुढचे दात पाचव्या वर्षी पूर्ण बदललेले असतात. खालच्या दातांच्या माथ्यावर काळसर खळगे दिसतात आणि ते झिजत जाऊन साधारण सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षी मधल्या दातांपासून कडेच्या दातांपर्यंत क्रमाने नाहीसे होतात. आमच्या घोडीच्या झिजलेल्या दातांत बारीक हत्याराने नवे खळगे कोरून ते जाळून काळे केलेले होते. ही लबाडी घोड्यांच्या बाजारात फार जुनी असून इंग्रज फौजेसाठी घोडे घेणारे अधिकारीही तिच्यापासून सावध असत. खऱ्या खळग्याभोवती दंतवल्काचे (दातावरच्या कठीण थराचे) उंच, टणक कडे असते आणि ते बोटाला जाणवते, पण कोरलेल्या खळग्याभोवती ते नसते. त्याशिवाय वय वाढेल तसा दाताचा माथा त्रिकोणी होत जातो, दात पुढे कलतात, आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. कोरणाऱ्याला यातले काहीच बदलता येत नाही. आमच्या घोडीच्या दातावर ती खाच अर्ध्यापर्यंत उतरलेली होती, म्हणजे वय पंधराच्या आसपास. पशुवैद्यकांनी सोनोग्राफी केली तेव्हा ती गाभणही नव्हती.

वाहतुकीत पुन्हा वेगळी लूट झाली. गाडी विक्रेत्याच्याच ओळखीची होती. वाटेत तपासणी नाक्यावर गाडी अडवली आहे, जनावर उपाशी उभे आहे, असे फोन रात्री येत राहिले आणि प्रत्येक वेळी निराळ्या माणसाच्या खात्यावर पैसे मागितले गेले. जनावराच्या हालाची भीती घालून पैसे काढणे हा या साऱ्यातला मला सर्वांत नीच भाग वाटतो. प्रवासासाठी लागणारे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल गाडीत होता, पण अहवालातील वर्णन अबलख (पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या) घोड्याचे निघाले. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते, हे लक्षात घेतले तर दुसऱ्याचा अहवाल जोडणे किती घातक आहे ते कळेल. म्हणून रक्ताचा नमुना आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत, आपल्या डोळ्यांसमोर घेतला जावा आणि अहवाल हाती येईपर्यंत इसाराखेरीज रक्कम देऊ नये.

रुमालाखाली बोटे धरून ठरलेल्या दराला साक्षीदार नसतो, तेव्हा रक्कम, वय, रंग, अंगावरच्या खुणा आणि गाभण असल्याचे विधान स्टँपपेपरवर विक्रेत्याच्या सहीने घ्यावे. माझ्याजवळ व्हॉट्सअॅपवरील संदेश आणि बँकेच्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि कलम ३३६ खाली बनावट दस्तऐवजाची तक्रार दिली आहे. मोबाईलवरून रक्कम गेली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण उशीर झाला की ती पुढच्या खात्यांत पांगते.

तक्रारीनंतर हातकणंगले तालुक्यातील एका शेतकऱ्याने मला त्यांच्याकडचा दाखला दाखवला. घोडीचा रंग तेवढा वेगळा आहे. सन, स्टेशन आणि आज्ञेची ओळ तीच आहे. त्यांचा विक्रेता मात्र दुसरा होता, त्यामुळे हे दाखले तयार करून देणारा कोणी तिसराच असावा असे मला वाटते. अकलूज किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात असा कागद कोणापुढे आला, तर त्याचे छायाचित्र आणि देणाऱ्याचा फोन क्रमांक आपल्या पोलीस ठाण्यात जरूर द्यावा. तपास अजून चालू आहे.