सिलिका एरोजेलचा नमुना: तुकडा चोख, सोबतच्या कहाण्या फुगवलेल्या

एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून त्याजागी हवा भरलेला सच्छिद्र घन; इथे तो सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा. प्रात्यक्षिकासाठी मिळणारी त्याची ही 5 × 5 × 1 सेंमीची निळसर वडी जेमतेम अडीच ग्रॅम भरते. माल उत्तम आहे, पण सोबतच्या माहितीपत्रकातल्या शोधाच्या कहाण्या गाळून घ्याव्यात.

सगळ्यांत लाडकी कहाणी पैजेची. जेली आक्रसू न देता तिच्यातलं पाणी काढून हवा भरून दाखवतो, अशी पैज म्हणे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल किसलर यांनी सहकारी चार्ल्स लर्नेडशी मारली. पैज ऐकीव, ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला किसलरचा 1931चा शोधनिबंध मात्र पक्का. आणि त्यातली खरी करामत पैजेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. जेल साधं वाळवलं, की आटणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत ओढतो आणि सगळं चुरगळतं. म्हणून बंद पात्रात द्रव क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या पुढे द्रव आणि वायू असा भेद राहत नाही त्या तापमानाच्या, वर न्यायचा. तिथे पृष्ठताणच उरत नाही. पाण्याला त्यासाठी 374 अंश लागतात आणि तेवढ्यात सिलिका विरघळू लागते, म्हणून किसलरनी आधी पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं. आता बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात: 31 अंश तापमान, 74 बार दाब. दाब घाईने सोडला, की वडी तडकते. त्यामुळे घेताना कडेच्या केसासारख्या भेगा नीट बघा.

‘हवेहून हलका, सोडला की तरंगतो’ ही दुसरी थाप. हा तुकडा हवेच्या ऐंशी पट जड आहे. 2013 साली चीनमधल्या चच्यांग विद्यापीठाने केलेलं ग्राफीनचं (कार्बनच्या अणूएवढ्या पातळ थरांचं) एरोजेल घन सेंमीला 0.16 मिलिग्रॅमचं, पण तो आकडा आतली हवा वगळून. छिद्रांत हवा असतेच, म्हणून तेही तरंगत नाही.

मागे काळा कागद धरला की वडी निळी दिसते, उजेडासमोर पिवळसर. वर सपाट वीट अलगद ठेवली तर पेलते. नखाने दाबली तर फुटते. फूल ठेवून खालून मेणबत्ती दाखवायला हरकत नाही, ब्लोटॉर्च एका जागी धरला तर खड्डा पडतो.

मागवताना जलरोधक प्रकारच मागा. साध्या प्रकारात पाण्याचा थेंब शिरला, की तोच पृष्ठताण वडीचे तुकडे करतो. खात्री करायची तर पडलेल्या कणावर थेंब टाकून बघा, वडीवर नको. हाताळताना नायट्रिलचे हातमोजे, चुरा झाडताना मास्क.